चेहऱ्यावर उजेड कुठून येतो? पोर्ट्रेट आणि सहज टिपलेला फोटो यांतला फरक

गुहागर असो, गणपतीपुळे असो की तारकर्ली, सूर्य मावळायच्या सुमारास किनाऱ्यावर एकच दृश्य दिसते. माणसे समुद्राकडे पाठ करून रांगेत उभी असतात, कारण मागे लाटा आणि तो लाल गोळा हवा असतो, आणि फोटो काढणारा त्यांच्या समोर, सुरूच्या बनाकडे पाठ करून उभा असतो. आकाश सुरेख येते, माणसे मात्र काळीठिक्कर पडतात. मग फ्लॅश पेटतो, चेहरे पांढरेफटक होतात, आणि आता फोन बदलायलाच हवा, असे कोणीतरी म्हणते. फोनचा यात काही दोष नसतो. आपला किनारा पश्चिमेला आहे, संध्याकाळचा उजेड समुद्रावरून येतो आणि समुद्राकडे पाठ केलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत तो पोचतच नाही. त्याच माणसांना जागच्या जागी फिरवून समुद्राकडे तोंड करायला सांगितले आणि फोटो काढणारा स्वतः पाण्याच्या बाजूला गेला, तर तोच तांबूस उजेड थेट चेहऱ्यावर येतो आणि मागे सुरूच्या झाडांची गडद रांग उभी राहते. सूर्य क्षितिजाला टेकत आलेला असेल तर त्याच्याकडे पाहताना डोळे मिचकावेही लागत नाहीत. लाटा आणि चेहरा दोन्ही एकाच फोटोत हवे असतील तर सकाळी यावे, कारण तेव्हा सूर्य डोंगराच्या बाजूने वर येतो आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा उजळतो.

सहज टिपलेला फोटो आणि पोर्ट्रेट यांतला फरक या एका उदाहरणात बराचसा येऊन जातो. सहज फोटोत माणूस जिथे असेल तिथे आणि उजेड जसा असेल तसा स्वीकारलेला असतो. पोर्ट्रेटमध्ये माणूस कुठे बसेल, तोंड कुठे करील, कॅमेरा किती लांब असेल, मागे काय दिसेल आणि बटण केव्हा दाबायचे, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. या निर्णयांत उजेडाची दिशा आणि कॅमेऱ्याचे अंतर यांचा वाटा सर्वांत मोठा आणि कॅमेऱ्याच्या किमतीचा वाटा सर्वांत लहान असतो, असे माझे मत आहे, आणि पुढचा बराचसा मजकूर या दोनच गोष्टींवर खर्च करणार आहे.

उजेड कडक असतो किंवा मऊ असतो, आणि तो कसा असेल हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: ज्या माणसाचा फोटो काढायचा आहे त्याच्या जागेवरून पाहिले असता उजेडाचा उगम किती मोठा दिसतो. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड आहे, पण तो सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आकाशात त्याची चकती जेमतेम अर्ध्या अंशाची दिसते. एवढ्या लहानशा जागेतून येणारा उजेड नाकाची, भुवयांची, चष्म्याच्या दांडीची धारदार सावली पाडतो आणि त्वचेवरचा प्रत्येक खड्डा उठावदार करतो. ढग आले की तोच प्रकाश संपूर्ण आकाशभर पसरतो, उगम एकदम मोठा होतो, उजेड चेहऱ्याला अनेक बाजूंनी भिडतो आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. स्टुडिओत दिव्यासमोर पांढऱ्या कापडाची मोठी पेटी किंवा छत्री लावतात ती याचसाठी. लहान दिव्याला मोठे करण्याची ती युक्ती आहे. अंतराचाही इथे संबंध येतो. तीच छत्री जवळ आणली तर ती मोठी दिसते आणि उजेड मऊ होतो, लांब नेली तर लहान दिसते आणि उजेड कडक होत जातो.

मऊपणाइतकीच दिशाही महत्त्वाची असते. कोकणात लग्ने, पूजा, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची गर्दी हे सगळे मे महिन्यात जमून येते आणि फोटोसाठी नेमका तोच महिना सर्वांत अवघड असतो. सावंतवाडीपासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यात मेच्या पहिल्या पंधरवड्यात केव्हातरी शून्य सावली दिवस येतो; त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. डोक्यावरून सरळ खाली पडणाऱ्या या उन्हात कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. मांडवाबाहेर दुपारी बारा वाजता घेतलेल्या वऱ्हाडाच्या फोटोत सगळेच दमलेले आणि थोडे चिडलेले का दिसतात, याचे उत्तर निम्मे उन्हात आहे. उरलेले निम्मे जेवणाच्या पंगतीला लागलेल्या उशिरात असेल.

पावसाळ्यात याच्या उलट स्थिती असते. आभाळ भरलेले असले की उजेड मऊ मिळतो, पण मोकळ्या अंगणात तो अजूनही वरूनच जास्त येतो, म्हणून डोळ्यांखालची काळसर छटा पूर्णपणे जात नाही. वरचा उजेड अडवून समोरचा तेवढा ठेवणारी जागा शोधायला हवी, आणि ती जुन्या कौलारू घराला आयतीच असते. पडवीचे छप्पर पुढे उतरत आलेले असते, वळचण माणसाच्या डोक्याच्या थोडी वर असते, त्यामुळे डोक्यावरचे आकाश झाकले जाते आणि खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, बाजूचे रुंद आकाश उघडे राहते. मुंबईतले स्टुडिओ जे हजारो रुपयांच्या दिव्यांनी साधतात, त्याच्या फार जवळचे काहीतरी या पडवीत फुकट मिळते, हे मी थोड्या अभिमानाने लिहितो.

देवगड तालुक्यातल्या एखाद्या घरात आजीचे पोर्ट्रेट काढायचे आहे असे समजू. ‘माजो फोटो कित्याक काढतंस रे?’ हा प्रश्न येणारच, त्याचे उत्तर पुढे पाहू. आधी खुर्ची. ती पडवीत, वळचणीच्या रेषेपासून हातभर आत ठेवावी, म्हणजे ऊन अंगावर येणार नाही पण उजेड भरपूर राहील. आजी सरळ खळ्याकडे तोंड करून बसल्या तर चेहरा सपाट उजळतो. खुर्ची थोडी तिरकी करून एक गाल उजेडाकडे आणि दुसरा घराच्या आतल्या बाजूकडे केला, तर एका बाजूने हळूहळू सावली चढत जाते आणि गालाचे हाड, हनुवटी, नाकाचा कणा यांना उठाव येतो. चेहरा गोल आहे हे सपाट कागदावर फक्त या उतरत्या सावलीमुळे कळते. सावलीची बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, कोणीतरी पांढरी चादर किंवा धोतर धरून उभे राहावे. त्यावरून परतलेला उजेड सावली उचलतो. चादर जवळ आणताच गाल उजळतो आणि मागे नेताच पुन्हा गडद होतो, हे डोळ्यांनी पाहता येते, आणि ते एकदा पाहिले की प्रकाशाविषयीची निम्मी भीती जाते. शेवटी आजींच्या डोळ्यांत पाहावे. बुबुळाच्या वरच्या भागात खळ्याच्या उजेडाचा एक लहानसा पांढरा पट्टा चमकत असेल तर जागा बरोबर आहे. तो पट्टा नसेल तर डोळे निर्जीव दिसतात आणि हनुवटी थोडी वर करायला सांगून पाहावे लागते. आवडलेले कोणतेही पोर्ट्रेट मोठे करून त्यातल्या डोळ्यांत पाहिले तर खिडकी, छत्री, दरवाजा जे काही वापरले असेल त्याचे प्रतिबिंब सापडते. ही कला शिकण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

आपल्याकडे रंगाची एक खास अडचण आहे. उजेड ज्यावर आपटून येतो त्याचा रंग सोबत आणतो. जांभ्या चिऱ्याच्या उघड्या भिंतीशेजारी बसवलेल्या माणसाच्या गालावर तांबूस झाक येते, आणि पोफळीच्या बागेत उभ्या केलेल्या नवरीचा चेहरा हिरवट, आजारी दिसतो. आपला मेंदू ही झाक पाहताना वजा करून टाकतो, कॅमेरा तसे पूर्णपणे करू शकत नाही. बागेच्या आत उभे करण्यापेक्षा बागेच्या कडेला, जिथे समोर मोकळे आकाश आहे तिथे उभे करावे. झाडे मागे दिसतात आणि चेहऱ्यावर आकाशाचा उजेड पडतो. आत घरात पिवळा बल्ब आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड एकत्र आले तर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर होतो. अशा वेळी बल्ब सरळ बंद करावा.

आता अंतर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा आवाका रुंद असतो, जुन्या फिल्मच्या हिशेबाने सुमारे 24 ते 28 मिलिमीटरच्या लेन्सइतका. एवढ्या रुंद आवाक्यात चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण पुढे पुढे सरकतो, आणि तिथेच चेहरा बिघडतो. गणित साधे आहे. नाकाचा शेंडा आणि कान यांत समोरासमोर सुमारे 12 सेंटीमीटरचे अंतर धरू. कॅमेरा नाकापासून 50 सेंटीमीटरवर असेल तर कान 62 सेंटीमीटरवर असतात, म्हणजे कानांच्या मानाने नाक जवळजवळ 24 टक्के मोठ्या प्रमाणात उमटते. कॅमेरा 2 मीटरवर नेला तर हाच फरक 6 टक्क्यांवर येतो. 2018 साली अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या शल्यचिकित्सेशी संबंधित संशोधकांनी याच विषयावर गणिती अभ्यास प्रसिद्ध केला होता. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के अधिक रुंद भासते आणि 5 फुटांवर हा फरक जवळजवळ उरत नाही, असे त्यात दिसले. सेल्फीत नाक मोठे दिसते म्हणून खंतावणाऱ्या तरुण मंडळींनी डॉक्टरकडे जाण्याआधी हात लांब करावा किंवा फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चेहरा बिघडतो तो रुंद लेन्समुळे, असे सर्रास म्हटले जाते. चेहऱ्याचे प्रमाण केवळ अंतरावर ठरते. लेन्स फक्त चौकटीत किती मावेल ते ठरवते. दोन मीटरवरून रुंद लेन्सने काढलेला फोटो कापून चेहऱ्यापुरता ठेवला तर त्यातले नाक-कान लांब, म्हणजे अरुंद आवाक्याच्या, लेन्सने काढलेल्या फोटोसारखेच असतात, फक्त बारकावा कमी मिळतो. छायाचित्रकार पोर्ट्रेटसाठी 85 मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घेतात, कारण ती त्यांना दीड-दोन मीटर मागे उभे राहायला भाग पाडते आणि तरी चेहरा चौकट भरून येतो. फोनमध्ये 2 एक्स किंवा 3 एक्सचे बटण असेल तर मागे जाऊन ते वापरावे. नसेल तर मागे जाऊन फोटो काढावा आणि नंतर कापावा. दोन्ही वेळी पहिली पायरी मागे जाण्याचीच आहे.

कॅमेऱ्याची उंची याच हिशेबात येते. लहान मुलाचा फोटो उभ्याने काढला तर डोके मोठे आणि पाय चिमुकले येतात. गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आले की ते मूल माणसासारखे दिसू लागते. बसलेल्या आजींसाठीही फोटो काढणाऱ्याने खाली बसावे.

मागची बाजू धूसर असली की पोर्ट्रेट झाले, ही समजूत आजकाल फार पसरली आहे आणि मला ती मान्य नाही. धूसरपणाचे काम मर्यादित आहे: लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी मऊ करणे. मोठ्या सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यात तो लेन्सच्या रुंद उघड्या तोंडामुळे नैसर्गिकपणे येतो आणि त्याची किंमतही मोजावी लागते. 85 मिलिमीटरची लेन्स एफ 1.8 वर ठेवून (हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड जास्त उघडे) 2 मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 6 सेंटीमीटरचा असतो. डोळा स्पष्ट आणि कान पुसट. त्यात आजी थोड्या पुढे झुकल्या तर डोळाही पुसट. एफ 4 वर हा पट्टा सुमारे 13 सेंटीमीटरचा होतो आणि सगळा चेहरा त्यात बसतो. म्हणून फोकस नेहमी कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवतात. फोनचा सेन्सर नखाएवढा असल्यामुळे असा धूसरपणा त्याला आपल्याआप येत नाही; 2016 साली आयफोन 7 प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला तेव्हापासून फोन माणूस आणि मागची बाजू यांचा अंदाज बांधून मागचा भाग हिशेबाने पुसतो. हा अंदाज चुकतो तो नेमका आपल्या दागिन्यांवर आणि केसांवर. नथीच्या आकड्यातून दिसणारी भिंत स्पष्ट राहते, गजऱ्याची बाहेरची कळी मागच्या झाडांत विरघळते, चष्म्याची काच अर्धी धूसर होते. फोटो मोठा करून या जागा तपासाव्यात आणि बिघाड दिसला तर मोड बंद करून साधा फोटो काढावा.

खरे तर मागची बाजू पुसण्यापेक्षा निवडणे सोपे असते. माणूस भिंतीपासून चार-पाच पावले पुढे आणला की दोन्ही वेगळे होतात. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, वाळत घातलेली अंतर्वस्त्रे, लाल प्लास्टिकची खुर्ची, मोटारसायकलचा आरसा या गोष्टी बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवली की दिसतात. पडवीच्या उघड्या दारातून मागे अंधारे माजघर येऊ दिले तर त्या काळोखावर पांढरे केस आणि नऊवारीचा काठ असा उठतो की धूसरपणाची आठवणही होत नाही. दाराजवळ उजेड जोरदार असतो आणि आत जाताना झपाट्याने कमी होतो, म्हणून माजघर डोळ्यांना दिसते त्याहून फोटोत बरेच गडद येते.

या गडद मागच्या बाजूचा एक धोका आहे आणि तो कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्याच्या पद्धतीतून येतो. कॅमेऱ्यातले मापक समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेवर आणू पाहते. मागे काळोख असेल तर ते चेहरा गरजेपेक्षा उजळ करते. मागे पांढरे आभाळ असेल तर चेहरा काळा करते, आणि किनाऱ्यावरचे खलाशी, सावळ्या वर्णाची माणसे याला जास्त बळी पडतात. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून मग उजेडाची पट्टी हवी तितकी वर-खाली सरकवली की काम होते. याला इतिहासाची एक वाईट बाजूही आहे. फिल्मच्या काळात प्रयोगशाळांतले रंग जुळवण्यासाठी फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी जी नमुना-पत्रे देत असे, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली पत्रे 1990 च्या दशकात आली. गूगलने सावळ्या त्वचेचे रंग नीट उमटावेत म्हणून आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात खास बदल जाहीर केले ते 2021 साली. आपल्या बाजारातले कितीतरी फोन अजूनही ‘ब्यूटी’ नावाखाली चेहरा उजळ आणि गुळगुळीत करतात. ती पट्टी शून्यावर आणावी. उन्हात राबून आलेला तपकिरी रंग हा पोर्ट्रेटमधला दोष नसतो.

दमट हवेचे दोन उपद्रव इथेच सांगून टाकतो. घामाने चेहऱ्यावर तेलकट चमक येते आणि तिथे त्वचेचा तपशील जळून पांढरा ठिपका उरतो, म्हणून कपाळ आणि नाक पंचाने टिपून घ्यावे. पुसू नये, त्वचा लाल होते. आणि खाऱ्या वाऱ्याचा थर फोनच्या काचेवर बसतो, त्यात बोटांचा तेलकटपणा मिसळतो. असे झाले की दिव्यांभोवती वलये दिसतात आणि सगळा फोटो धुकट येतो. स्वच्छ सुती कापडाने काच पुसण्याइतका मोठा सुधार कोणताही महागडा फोन करू शकत नाही, हे जरा चढवून सांगतो आहे, पण फार नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे. आपल्या घरांतून शेकडो फोटो असतात, पण म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा, नीट बसवून काढलेला फोटो बहुधा नसतो. तो लागतो तेव्हा नातवाच्या लग्नाच्या गटातून चेहरा कापून घेतात, शेजारच्याचा खांदा पुसून टाकतात आणि आधार कार्डावरच्या फोटोपर्यंतही वेळ जाते. आजींना यातले काही बोलून दाखवायचे नसते. ‘तुमचा एकटीचा चांगला फोटो घरात नाही, म्हणून’ एवढे खरे कारण पुरते. बाहेरच्या माणसाचा फोटो काढताना तर आधी विचारणे आणि कशासाठी हवा ते सांगणे हेच पहिले काम असते.

जुन्या पोर्ट्रेटमध्ये माणसे इतकी गंभीर का असतात, याला एक कारण तांत्रिक होते. 1839 साली फ्रान्समधल्या दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका प्रतिमेला काही मिनिटे लागत, पुढे हा वेळ घटला तरी डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेले त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. त्या जमान्यात प्रत्येक फोटो ठरवूनच काढावा लागे. 1888 साली कोडॅकने शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेला हातातला कॅमेरा विकायला काढला आणि 1900 साली एका डॉलरला मिळणारा तिचाच ब्राउनी कॅमेरा आला, तेव्हा सहज टिपलेला फोटो घराघरांत शिरला. त्याने फोटोग्राफीला जे दिले ते कमी लेखण्यासारखे नाही. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा किंवा हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो तेव्हा कोणाला तिरके बसवायचे आणि चादर कोणी धरायची? तिथे हललेला, अर्धवट कापला गेलेला फोटोच खरा असतो, आणि ठरवून घेतलेला फोटो नाटकी वाटतो.

पोर्ट्रेटमध्ये मात्र माणसाला कॅमेरा समोर आहे हे माहीत असते आणि त्यामुळे तो चेहरा घट्ट करतो. ‘स्माइल प्लीज’ म्हटले की ओठ ताणले जातात, डोळे तसेच राहतात. ड्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन फोटो काढले आणि 1862 साली दाखवून दिले की मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतालचा स्नायूही आकुंचन पावतो. तो हुकमावर हलवणे बहुतेकांना जमत नाही. म्हणून हसायला सांगण्याऐवजी बोलते करावे. आंब्याला यंदा मोहोर कसा आला होता, विहीर कोणाच्या वेळची, गणपतीला कोण कोण येणार, असे काहीही विचारावे, आणि उत्तर देताना नव्हे, उत्तर संपल्यावर बटण दाबावे. बोलताना तोंड वेडेवाकडे येते. बोलणे संपल्यावर क्षणभर चेहरा मोकळा राहतो आणि नजर समोरच्यावर असते. हातांनाही काहीतरी काम द्यावे. मांडीवर ठेवलेल्या निष्क्रिय हातांपेक्षा सुपारी कातरणारे किंवा खुर्चीचा हात धरलेले हात बरे दिसतात. एक गोष्ट करू नये: मागे उभ्या नातेवाइकांना सूचना देऊ देऊ नये. ‘आजी, मान वर’, ‘पदर नीट घे’ अशी चारी बाजूंनी सरबत्ती सुरू झाली की चेहरा पुन्हा मिटतो.

उरते निवड आणि डागडुजी. फोटो भरपूर काढावेत आणि दाखवावा एकच. निवडताना आधी डोळे पाहावेत, मग तोंड, आणि बाकीचे सगळे नंतर. संगणकावर किंवा फोनवर सुधारणा करताना व्यवसायातली माणसे साधारण असे बघतात की जे पंधरवड्यात आपोआप जाणार आहे, म्हणजे पुटकुळी, डास चावल्याचा फोड, पंचाचा धागा, ते काढायला हरकत नाही. तीळ, व्रण, सुरकुत्या राहू द्याव्यात. सुरकुत्या पुसलेल्या आजी आपल्या नातवंडांनाही ओळखू येत नाहीत.

आणि मग छापून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोचतो. 8 बाय 10 इंचांच्या चांगल्या छपाईला 2400 बाय 3000 बिंदू लागतात, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा पेन ड्राइव्हवर न्यावी. पडदा स्वतः उजेड देतो आणि कागद देत नाही, त्यामुळे फोनवर बरोबर दिसणारा फोटो कागदावर गडद येतो. छापण्याआधी तो किंचित उजळ करून एक लहान प्रत काढून पाहावी. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगावी, नाहीतर पावसाळ्यातल्या ओलाव्याने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना त्याचा वरचा थर निघून येतो. टांगण्यासाठी पश्चिमेची बाहेरची भिंत टाळावी, कारण पाऊस तिच्यावरच सर्वांत जास्त झोडपतो आणि ओल आधी तिथेच उतरते.